वाण्यांच्या वह्यांमागे जपानात

२० फेब्रुवारी, ओसाका

जपानला लोक चेरीच्या बहरात जातात. मी फेब्रुवारीच्या गारठ्यात गेलो, आणि तेही वाण्यांच्या जुन्या वह्या धुंडाळायला. घरी बेत सांगितला तेव्हा "आपल्या रद्दीवाल्याकडे कमी आहेत का?" असा प्रश्न आला. प्रश्न रास्तच होता.

या वह्यांना दाइफुकुचो म्हणतात. एदो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८ या काळात, आणि पुढे मेइजी काळातही जपानी दुकानदार गिऱ्हाइकांची उधारी ज्यात मांडायचे ती ही खतावणी. एकेका गिऱ्हाइकाच्या नावाने काही पानं, त्यावर तारीखवार माल आणि रक्कम. वसुली मुख्यतः वर्षातून दोनदा व्हायची, उन्हाळ्यात ओबोनला म्हणजे पितरांच्या सणाला, आणि दुसरी वर्षअखेरीला. मित्सुइ ताकातोशीने १६७३ मध्ये एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, एचिगोया नावाचं कापडदुकान काढलं आणि रोख पैसे, एकच भाव हा प्रकार गाजवला. त्याचा एवढा बोलबाला झाला यावरूनच बाकीचा बाजार उधारीवर किती चालत होता ते कळतं.

मला हा नाद मोडीमुळे लागला. मोडीचा वर्ग केला, जुनी किर्द-खतावणी अडखळत का होईना वाचता यायला लागली, आणि मग इतर ठिकाणचे व्यापारी कसे लिहीत होते ही खाज सुटली. महिनाही वह्यांच्या बाजारांवरून ठरवला. क्योटोत २१ आणि २५ तारखेला, ओसाकात २१-२२ तारखेला देवळांच्या आवारात जुन्या वस्तूंचे बाजार भरतात, आणि फेब्रुवारीत हॉटेलं जरा परवडतात. ओसाकात तर तोही प्रश्न नव्हता, मावसभाऊ तिथेच राहतो. वहिनी जपानी भाषांतराचं काम करतात, त्यामुळे दुभाषाही घरचाच.

"भावोजी, उद्या पहाटे निघायचं म्हणजे किती वाजता?"

"पाचला निघू."

"म्हणजे तुम्ही पाचला निघा, मी सातला येते."

२१ फेब्रुवारी, क्योटो

तोजी देऊळ क्योटो स्टेशनपासून चालत पंधरा-वीस मिनिटांवर आहे. कुकाइ या बौद्ध आचार्यांचं निधन ८३५ साली तिसऱ्या महिन्याच्या २१ तारखेला झालं, म्हणून दर महिन्याच्या २१ तारखेला इथे बाजार भरतो. त्यांना कोबो दाइशी म्हणतात, म्हणून बाजाराला नाव कोबो-सान. जवळपास ५५ मीटर उंचीच्या पाच मजली लाकडी मनोऱ्याखाली लोणची, किमोनो, बोन्सायची रोपटी, गंजलेल्या करवती, सगळं मांडलेलं असतं.

जुन्या कागदाचे स्टॉल शोधायला वेळ लागला नाही. पहिल्याच स्टॉलवर खोक्यात सुटी पानं होती, दहा पानांचं बंडल ५०० येनला. वह्या उसवून काढलेली. एक बाई त्यातली बंडलंच्या बंडलं निवडत होती. बांबूच्या टोपल्यांवर जुना हिशेबाचा कागद चिकटवून वर कच्च्या पर्सिमनच्या तुरट रसाचा हात मारायचा ही तिथली जुनी कला, तिच्यासाठी. हा फेरवापर काही आजचा नाही. एदो काळातही वही संपली की कागद विकला जायचा. सरकत्या दारांच्या आत अस्तर म्हणून चिकटवला जायचा. पट्ट्या कापून, पीळ देऊन त्याचा दोरा काढायचे आणि कापडही विणायचे, त्या कापडावर शाईचे करडे ठिपके उमटायचे. त्यामुळे वही उसवणाऱ्या विक्रेत्यावर फार डोळे वटारता येत नाहीत. तरी मला ते खोकं बघवलं नाही.

तिसऱ्या स्टॉलवर हवी तशी वही मिळाली. हात-दीड हात लांब, वीतभरही रुंद नाही, जाडी चार बोटं. कागद लांबीत दुमडलेला, सगळी पानं एका टोकाला तागाच्या पिळाने घट्ट शिवलेली, आणि त्याच पिळाचा पुढे सोडलेला फास. गादीच्या मागच्या खुंटीला वही टांगायची ती या फासाने. फासाचा आतला भाग झिजून गुळगुळीत झाला होता. मुखपृष्ठावर लांबीच्या दिशेने उतरत जाणारी जाडजूड तीन अक्षरं, दाइ, फुकु, चो, म्हणजे मोठी, बरकत, वही. एका बाजूला 'अन्सेइ ४, सर्पवर्ष' आणि दुसऱ्या बाजूला 'पहिला महिना, शुभदिन'. अन्सेइ या शकाचं चौथं वर्ष म्हणजे १८५७. मागच्या पुठ्ठ्यावर तांबा प्रांतातल्या एका गावाचं आणि दुकानाचं नाव.

'शुभदिन' हा शब्द जवळपास प्रत्येक दाइफुकुचोवर भेटतो. वर्षाच्या सुरुवातीला, बऱ्याच ठिकाणी पहिल्या महिन्याच्या ११ तारखेला, व्यापारी नव्या वह्या शिवायचे, मुखपृष्ठ लिहायचे आणि त्याचा छोटा उत्सव करायचे. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाला नव्या चोपडीवर 'श्री' काढतात तोच हा मामला. अनेक वह्यांवरची तारीख त्यामुळे साच्यातली असते, त्यावरून दुकान कधी उघडलं वगैरे अंदाज बांधू नयेत.

विक्रेत्या आजोबांनी आधी मुखपृष्ठच दाखवलं. अक्षर बघा, किती भरदार. कॅफेवाले भिंतीवर लावायला नेतात म्हणे. मी आत उघडलं तर त्यांनाच नवल वाटलं. वाळवीसारख्या किड्यांनी पोखरलेली आडवीतिडवी बिळं होती, पण शाई काळीभोर. भाव ४,५०० सांगितला, ३,५०० ला दिली. आपले दोन हजार रुपयांच्या आसपास. एवढ्यात वहिनी आल्या, त्यांनी वही हातात घेतली, पान उलटलं आणि हसायला लागल्या.

"यातलं मला एक अक्षर वाचता येत नाहीये."

आजोबाही हसले. त्यांनाही येत नव्हतं.

२२ फेब्रुवारी, ओसाका

शितेन्नोजी देवळातला बाजार तोजीपेक्षा विस्कळीत आहे आणि मला जास्त आवडला. इथे घरं रिकामी करणाऱ्यांचा माल थेट येतो. जपानी जुन्या बाजारात 'उबुदाशी' हा शब्द फार ऐकू येतो. एखाद्या घराच्या कोठारातून पहिल्यांदाच बाहेर पडलेला, मधल्या दलालांचे हात न लागलेला माल म्हणजे उबुदाशी. विक्रेता तो शब्द उच्चारतो तेव्हा भाव आपोआप दीडपट होतो. कुठल्या घरातून, असं विचारलं की मात्र बहुतेकांची गाडी अडते.

सगळ्यात देखणी वही इथेच पाहिली. जाडी वीतभर, अक्षर असं की दोन पावलं मागे सरून बघावं. किंमत २८,००० येन. पण मुखपृष्ठावर दोरी ओवलेली भोकं आणि आतल्या पानांची भोकं जुळत नव्हती. शिवाय वर एक साल आणि त्याच्या शेजारी भलत्याच प्राण्याचं वर्ष. जपानी पंचांगात दर वर्षाला एक प्राणी असतो, ते बारा प्राण्यांचं चक्र पाठ असलं की ही तपासणी अर्ध्या मिनिटात होते. १८३७ कोंबड्याचं, १८५७ सापाचं, १८९० वाघाचं. हिशेब लिहिणारा दुकानदार चालू वर्षाचा प्राणी चुकत नाही. जुन्या कोऱ्या वहीवर नंतर कुणीतरी झोकदार मुखपृष्ठ लिहिलं असावं. यात दरवेळी फसवणूकच असते असंही नाही. दाइफुकुचो हे बरकतीचं चिन्ह आहे, जानेवारीत इमामिया एबिसु देवळाच्या जत्रेत बांबूच्या फांदीला लटकवायच्या शुभवस्तूंतही तिची चिमुकली प्रतिकृती असते, आणि शोभेच्या वह्या आजही बनतात. पण शोभेची वही शोभेच्या भावात मिळावी.

दुपारी तेन्जिनबाशी-सुजीच्या टोकाला 'कुराशी नो कोन्जाकुकान' या संग्रहालयात गेलो. इमारतीच्या आत १८३० च्या दशकातल्या ओसाकाची एक अख्खी गल्ली खऱ्या मापात उभी केली आहे. वही कुठे आणि कशी बसायची हे इथे कळतं. दुकानाच्या चटयांवर एका कोपऱ्यात गुडघाभर उंचीची लाकडी जाळी, तिच्या आड बसकं मेज, शाईचा दगड, सोरोबान म्हणजे मणी सरकवायची पाटी. जाळीच्या आड बसायचा मान बांतोचा, म्हणजे आपल्या भाषेत मुनिमाचा. हाताखालचे देत्ची म्हणजे दहा-बारा वर्षांची उमेदवार पोरं, ती पाणी भरायची आणि रात्री आकडेमोड शिकायची.

आणखी एक गोष्ट इथे लक्षात घ्यायला हवी. एदो सोन्याच्या नाण्यांवर चालायचं आणि ओसाका चांदीवर. सोनं मोजायचं, १ र्यो म्हणजे ४ बु म्हणजे १६ शु. चांदी मात्र तोलायची, मोन्मे या वजनात, १ मोन्मे ३.७५ ग्रॅमचं. किरकोळीला तांब्याचे मोन वेगळेच. सरकारने १७०० मध्ये १ र्यो म्हणजे ६० मोन्मे चांदी असा दर ठरवला होता, बाजार तो रोज मोडायचा. त्यामुळे वहीत रक्कम मोन्मेत असेल तर वही बहुधा पश्चिमेकडची, र्योत असेल तर पूर्वेकडची. विक्रेत्याला गाव सांगता आलं नाही तरी वही थोडंफार सांगते.

रात्री जेवताना मावसभावाने कोबेच्या भूकंपाचा विषय काढला. १९९५ मध्ये हजारो जुनी घरं पाडली जात होती, तेव्हा इतिहासकारांनी आणि विद्यार्थ्यांनी मिळून ढिगाऱ्यांतून अशा घरगुती वह्या, पत्रं, करार वाचवले. त्यातून उभं राहिलेलं 'रेकिशी शिर्यो नेटवर्क' आजही पूर किंवा भूकंप झाला की कामाला लागतं. वही ओली असली तरी फेकू नका, आम्हाला कळवा, हा त्यांचा पहिला निरोप असतो.

२३ फेब्रुवारी, गोकाशो

सम्राटांच्या वाढदिवसाची सुट्टी. आम्ही तिघं बिवा सरोवराजवळचं गोकाशो बघायला गेलो. नोतोगावा स्टेशनवरून बस. रस्त्याच्या कडेला बर्फ होतं, पाटाच्या पाण्यात रंगीत मासे होते, आणि पांढऱ्या भिंतींची कोठारं. हे ओमी प्रांतातल्या व्यापाऱ्यांचं गाव. ओमीचे व्यापारी खांद्यावर कावड घेऊन देशभर फिरायचे, पुढे एदो, ओसाका, क्योटोत दुकानं काढायचे, पण मूळ घर आणि कुटुंब गावातच ठेवायचे. म्हणजे मालक ओमीत आणि गल्ला शेकडो मैलांवर. एवढ्या लांबून नोकरांवर विश्वास ठेवायचा तर कागद पक्का हवा, म्हणून शाखांचे हिशेब मूळ घरी पाठवायची शिस्त इथे कडक होती.

याचा कळस हिनो गावच्या नाकाइ घराण्याने गाठला. नाकाइ गेन्झाएमोनने औषधांच्या फेरीपासून सुरुवात केली आणि पुढे सेंदाइपर्यंत शाखा काढल्या. या घराण्यात वर्षाचा नफा दोन वाटांनी काढला जायचा, एकदा मालमत्ता आणि देण्यांवरून, एकदा उत्पन्न आणि खर्चावरून. दोन्ही आकडे जुळले तरच हिशेब बंद. युरोपातल्या द्विनोंदी पद्धतीची, म्हणजे प्रत्येक व्यवहार जमा आणि नावे दोन्हीकडे मांडायच्या पद्धतीची, पुस्तकं जपानीत येण्याच्या खूप आधीची ही गोष्ट. घराण्याची कागदपत्रं हिकोने इथे शिगा विद्यापीठाच्या संग्रहात आहेत.

खुली असलेली वाडेवजा घरं फिरलो. घरात खेळवलेल्या पाटावर भांडी घासायची जागा, तिथपर्यंत मासे येतात. बैठकीत मार्चच्या सणासाठी हिना बाहुल्यांच्या पायऱ्या लावलेल्या. वहिनी बाहुल्यांपाशी रमल्या, भाऊ गरम पाण्याच्या मशीनपाशी, आणि मी एका गादीच्या मागे लाकडी कप्प्यात रचलेल्या वह्यांपाशी. एकाच घराच्या वह्या एकत्र पहिल्यांदा बघत होतो. खरेदीची, विक्रीची, रोकडीची, मालाच्या पोचपावतीची, आणि त्यांत उधारीची दाइफुकुचो. बाजारात सुटी वही हातात घेतली की ती किती तुटकी आहे ते तिथे जाणवत नाही.

२४ फेब्रुवारी, ओसाका

दिवसभर पाऊस. कुठेही गेलो नाही. वहिनींच्या जेवणाच्या टेबलावर कोरडा पंचा पसरला आणि तांबाची वही उघडली.

जपानी माणसाला ही लिपी का वाचता येत नाही याचं कारण सरळ आहे. घसरत्या, जोडलेल्या अक्षरांना कुझुशिजी म्हणतात. १९०० मध्ये प्राथमिक शाळांत एका ध्वनीला एकच काना, म्हणजे उच्चाराचं अक्षर, ठरवलं गेलं, छपाई आधीच सुरू झाली होती, आणि दोन-तीन पिढ्यांत आजोबांचं पत्र नातवाला अगम्य झालं. मोडीची कहाणी माहीत असलेल्याला आणखी सांगायला नको. २०२१ मध्ये 'मिवो' नावाचं मोफत अॅप आलं. फोनने पानाचा फोटो काढला की ओळखलेली अक्षरं त्यावर छापील रूपात उमटतात. छापील जुन्या पुस्तकांवर ते थक्क करतं. वाण्याच्या घाईच्या अक्षरावर मात्र अंदाजपंचे चालतं. तरी आम्ही दोघांनी मिळून, वहिनींनी जपानी आणि मी जुन्या वह्यांची सवय अशी भर घालत, संध्याकाळपर्यंत बरीच पानं लावली.

प्रत्येक नोंद 'एक' या आडव्या रेघेने सुरू होते. त्याखाली माल, त्याखाली रक्कम. दिव्याचं तेल. तोफू. मेणबत्त्या. साके म्हणजे तांदळाची दारू, १ शो, म्हणजे पावणेदोन लिटरच्या वर. रकमेचे आकडे साध्या एक-दोन-तीनच्या रेघांत न लिहिता जड रूपात लिहिलेले, कारण एकाच्या रेघेखाली आणखी एक रेघ मारली की दोन होतात, दोनाचे तीन. पानाच्या शेवटी बेरजेची एक गाठीसारखी खूण. आणि मग सगळ्या नोंदींवरून वरपासून खालपर्यंत मारलेली जाड रेघ.

पहिल्यांदा मला वाटलं लिहिणाऱ्याने पान रद्द केलंय. वहिनींच्या लक्षात आलं की रेघ फिटलेल्या उधारीची आहे. मग सगळी वही उलटी वाचायला लागलो. जी पानं काळ्या रेघांनी विद्रूप झालीत ती दुकानदाराच्या आनंदाची. स्वच्छ, सुवाच्य, फोटो काढण्याजोगं पान म्हणजे बुडालेले पैसे. अशा एका स्वच्छ पानावर वर्षभर साकेच साके होती, मध्ये एकदाच तोफू.

आणखी एक खूण मिळाली. पाचव्या महिन्यानंतर पुन्हा पाचवाच महिना. १८५७ मध्ये जपानी पंचांगात तिथे अधिक महिना होता. आपल्याला यात नवल नाही, पण पाश्चात्त्य संग्राहकाला ही लिहिणाऱ्याची गफलत वाटू शकते. १ जानेवारी १८७३ पासून जपानने ग्रेगरियन दिनदर्शिका घेतली, त्यामुळे त्यानंतरच्या वहीत अधिक महिना नसतो. मुखपृष्ठावरचं साल आणि आतला अधिक महिना जुळला की वही खरी असल्याची बरीचशी खात्री पटते. जी वही भावोजींनी मुखपृष्ठावर न भाळता घेतली तीच पक्की निघाली, अशी दाद वहिनींनी दिली. मी विरोध केला नाही.

२५ फेब्रुवारी, क्योटो

कितानो तेनमांगू. सुगावारा नो मिचिझाने या विद्वान मंत्र्याचं देऊळ, ९०३ साली याच तारखेला तो वारला. आज प्लमचा उत्सव, गेइको म्हणजे क्योटोच्या गेइशा मोकळ्या अंगणात चहा देतात आणि त्यांच्याभोवती कॅमेऱ्यांचा खच. गर्दी नकोशी. बाजार देवळाबाहेरच्या रस्त्यांवर पसरलेला होता, थंडीत भाजलेल्या रताळ्याने हात शेकत फिरलो.

इथे १८९० ची एक हांतोरिचो घेतली, १,२०० येनला. माल किंवा पैसे पोचल्याची पावती म्हणून समोरच्याने शिक्का मारायची ही वही. मुखपृष्ठ फाटकं, म्हणून स्वस्त. आत पानोपानी लाल शिक्के, काही चौकोनी, काही अंड्यासारखे, एक-दोन घाईत उलटे मारलेले. मेइजी काळ असल्याने रक्कम येन, सेन आणि रिनमध्ये. येन १८७१ मध्ये आला, १ येन म्हणजे १०० सेन.

शेजारच्या खोक्यात कोदेनचो होती, म्हणजे अंत्यविधीला कुणी किती पैसे दिले त्याची यादी. ती मी घेतली नाही. कुणाच्या घरच्या मरणाची वही आपल्या कपाटात कशाला? हा माझा हेका आहे, कायदा नाही. कायदा दुसऱ्या एका कागदाबाबत आहे. १८७२ च्या कुटुंबनोंदणीच्या मूळ वह्यांत जुन्या जातवार दर्जाचे उल्लेख आहेत आणि त्यावरून लग्नात, नोकरीत भेदभाव होत असे, म्हणून १९६८ पासून त्या कुणालाही बघता येत नाहीत. तरी तसले कागद मधूनच लिलावात डोकं वर काढतात. गावाच्या जुन्या याद्या स्वस्तात मिळतायत म्हणून उचलणाऱ्याने एवढं माहीत करून घ्यावं.

२६ फेब्रुवारी, टोकियो

शिंकान्सेन म्हणजे बुलेट ट्रेन, खिडकीबाहेर फुजी ढगात. दुपारी निहोनबाशीत ओझु वाशी या कागदाच्या दुकानात. मात्सुसाकाहून आलेल्या ओझु घराण्याने १६५३ मध्ये इथे कागदाचा धंदा सुरू केला आणि तो अजून त्याच भागात आहे. दुकानाच्या स्वतःच्या जुन्या वह्या आणि कागदपत्रंही तिथे मांडलेली आहेत.

मला आगीच्या गोष्टीची खातरजमा करायची होती. लाकडी एदो वारंवार जळायचं, १६५७ च्या आगीत तर शहराचा मोठा भाग गेला. आग आली की व्यापारी दाइफुकुचो विहिरीत टाकून पळायचे आणि नंतर काढून वाळवायचे, असं सांगतात. वसुलीची यादी वाचली की धंदा पुन्हा उभा राहतो. हे जमायचं कसं, तर कोझो म्हणजे कागदी तुतीच्या सालीच्या लांब धाग्यांचा कागद भिजला तरी विरघळत नाही, आणि काजळीची शाई एकदा वाळली की पसरत नाही. हिताची प्रांताचा निशिनोउची कागद त्यासाठीच वाखाणला जायचा. तो हातात घेऊन बघितला. ताणला तर कापडासारखा करकरतो.

वह्या ठेवायच्या कशा हेही तिथे विचारलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, लोखंडी चाप लावू नका, बिळं पडलेलं पान सेलोटेपने जोडू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. आम्लरहित कागदात गुंडाळून आडवी ठेवा आणि दमट हवेत मधूनमधून वारा द्या. ठाण्याचा जुलै डोळ्यांपुढे आला.

२७ फेब्रुवारी, टोकियो

जिंबोचो हा जुन्या पुस्तकांच्या दुकानांचा भाग, आणि शेजारच्या कोशो कायकान या सभागृहातली जुन्या पुस्तकांची विक्री. शुक्रवारी सकाळी दार उघडायच्या आत रांग, आणि रांगेत बहुतेक साठीपुढचे पुरुष, प्रत्येकाच्या हातात रिकामी पिशवी. इथे बोलणं नाही, धक्काबुक्कीही नाही, पण सगळे झपाट्याने हलतात.

दुपारी जिंबोचोच्या आतल्या गल्लीत एका दुकानात मागे जमिनीवर दोरीने बांधलेला गठ्ठा दिसला. चिबा भागातल्या एका सोय सॉस करणाऱ्या घराच्या वह्या, मेइजीच्या विशीतल्या, म्हणजे १८८७ ते १८९६ या पट्ट्यातल्या. मला त्यातली फक्त दाइफुकुचो हवी होती. मालक वयस्कर, आवाज मऊ, उत्तर ठाम. सुटी विकणार नाही.

का, ते त्यांनी बोलून नाही दाखवलं, वह्या उघडून दाखवलं. रोजच्या विक्रीच्या वहीत चौथ्या महिन्यातली एक नोंद, एका गिऱ्हाइकाला सोय सॉसची दोन पिंपं. मग दाइफुकुचोत त्या गिऱ्हाइकाचं पान, कडेला चिकटवलेल्या कागदी चिठ्ठीवरून झटकन सापडणारं. तिथे तीच तारीख, तीच दोन पिंपं, आणि वरून रेघ. मग रोकडीच्या वहीत ओबोनच्या सुमाराला तीच रक्कम जमा, पण चार सेन कमी. त्यांनी पुन्हा दाइफुकुचोचं पान उघडलं आणि रेघेच्या बुडाशी बारीक अक्षरांतली टीप बोटाने दाखवली. चार सेन सोडले. जुनं गिऱ्हाईक असेल.

तांबाच्या वहीवर सगळा दिवस घालवून मला जे कळलं होतं त्याहून जास्त या माणसाने पाच मिनिटांत दाखवलं, ते केवळ तीन वह्या एकमेकींजवळ होत्या म्हणून. दाइफुकुचो एकटी विकली असती तर तिला भिंतीवर टांगणारा कुणीतरी मिळाला असता आणि उरलेल्या दोन टोपल्यांच्या अस्तरात गेल्या असत्या. बाजारात मुखपृष्ठाला पैसे पडतात, त्यामुळे ज्या वह्यांवर 'दाइफुकु' लिहिलेलं नाही त्या आधी मरतात. गठ्ठ्याचा भाव ४५,००० येन. मी घासाघीस केली नाही, केली असती तरी ते ऐकणारे नव्हते. त्यांनी बिलावर घराचं गाव, वह्यांची संख्या आणि त्या कुठल्या लिलावातून आल्या ते लिहून दिलं, आणि हा कागद वह्यांपासून वेगळा करू नका असं दोनदा बजावलं.

जाता जाता एक पुस्तक दाखवलं, विकायला नव्हे. फुकुझावा युकिची या मेइजी काळातल्या विचारवंताने अमेरिकन पुस्तकावरून केलेलं हिशेबलेखनाचं पुस्तक, 'चोआइ नो हो', १८७३ चं. बँका आणि मोठ्या कंपन्या त्या वाटेने गेल्या. सोय सॉसवाले मात्र आणखी वीस वर्षांनीही ब्रशने आणि रेघ मारूनच वसुली करत होते, आणि त्या गठ्ठ्यावरून तरी त्यांचं काही अडलेलं दिसत नाही.

२८ फेब्रुवारी, विमानतळ

सामानाचा काटा २७ किलो. मर्यादा २३. वहिनींनी ओसाकातून दिलेले लोणच्याचे डबे, भावाने घेतलेला राइस कुकर आणि मुलांची चॉकलेटं, यातलं काय काढायचं याची तिथेच उघड्या बॅगेपुढे चर्चा, व्हिडिओ कॉलवर.

"भावोजी, तो कुकर राहू दे, मी पोस्टाने पाठवते. वह्या हातातल्या बॅगेत घ्या, खाली देऊ नका."

कुकर काढला. सुरक्षा तपासणीत गठ्ठा दोनदा मशीनमधून फिरला. हे काय, म्हणून विचारलं. दाइफुकुचो, असं सांगितल्यावर तपासणारा मुलगा वाकून बघायला लागला, मुखपृष्ठावरची तीन अक्षरं त्याने मोठ्याने वाचली, आणि आत काय लिहिलंय म्हणून मलाच विचारलं. मागे रांग वाढत होती तरी मी चार सेनवालं पान काढलं.